टाकलं आणि विसरलं

"आमच्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी आहे," असं कुणी अभिमानानं सांगितलं की माझा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कुठली आवृत्ती? इथे बहुतेकांची गाडी अडते. टाकलं होतं हे पक्कं आठवतं. लॉकडाऊनमध्ये टाकलं होतं, नाहीतर त्याच्याही आधी, कॉलेजात असताना. त्यानंतर त्या डब्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलेलं नाही. टीव्हीच्या मागे तो लुकलुकत असतो आणि घरातल्या प्रत्येक मोबाइलची, लॅपटॉपची, दारावरच्या कॅमेऱ्याची ये-जा त्याच्यातूनच चालू असते.

कंपनीनं वाऱ्यावर सोडलेलं यंत्र ज्यांनी स्वतःच्या हातात घेतलं, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. म्हणूनच त्यांना चार शब्द सुनवायचे आहेत. कंपनीचं फर्मवेअर, म्हणजे राउटर चालवणारा आतला प्रोग्राम, काढून तुम्ही ओपनडब्ल्यूआरटीसारखं दुसरं खुलं फर्मवेअर टाकलंत, त्या दिवशी कंपनीची जबाबदारी तुमच्या अंगावर आली. अपडेट देत नाही म्हणून तुम्ही कंपनीला नावं ठेवलीत, ते बरोबरच होतं. मग पाच वर्षांत तुम्हीही एकदा अपडेट केलं नसेल, तर तुमच्यात आणि तिच्यात फरक काय उरला?

जुन्या राउटरमध्ये नवं फर्मवेअर घालण्याची वाट एका निळ्या-काळ्या डब्यानं पाडली. लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी २००२ च्या डिसेंबरात बाजारात आला. त्याच्या आत लिनक्स होतं. लिनक्सचा परवाना स्पष्ट सांगतो की आमचा कोड घालून वस्तू विकलीत, तर तो कोड तुमच्या फेरफारांसकट ग्राहकाला द्यावा लागेल. लिंक्सिसनं तो दिला नव्हता. २००३ मध्ये जाणकारांनी हे हेरलं आणि उघडपणे जाब विचारला. त्याच वर्षी सिस्कोनं लिंक्सिस विकत घेतली होती. कोड खुला करणं भाग पडलं. २००४ मध्ये त्या कोडातून ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं. डीडी-डब्ल्यूआरटी आणि टोमॅटो ही नावंही याच डब्याच्या जोरावर घरोघर गेली. घरगुती राउटरचा मालक खऱ्या अर्थानं मालक झाला तो तेव्हापासून.

मग कंपनीनं काय केलं? २००५ मध्ये याच राउटरची पाचवी आवृत्ती आणली. नाव तेच आणि रूपही तेच, पण आतलं लिनक्स काढून व्हीएक्सवर्क्स ही बंदिस्त प्रणाली घातलेली. फ्लॅश ४ एमबीची २ एमबी झाली आणि रॅम १६ ची ८. लिनक्स हवं असणाऱ्यांसाठी जुनंच अंतरंग 'जीएल' या नव्या नावानं वेगळं विकायला ठेवलं.

ही चलाखी तिथेच संपली असं समजू नका. आपल्याकडे असंख्य घरांत टीपी-लिंकचा ८४१एन आहे, पांढऱ्या अँटेनांचा. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर वायफायचा स्वस्तातला डबा मागितला की वर्षानुवर्षं हाच काउंटरवर यायचा. त्याच्या बहुतेक आवृत्त्यांत ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅम आहे. तेराव्या आवृत्तीत ८ आणि ६४ मिळाले. चौदाव्यात पुन्हा ४ आणि ३२! गिऱ्हाईक नवी आवृत्ती म्हणून घेतं आणि हातात आधीच्यापेक्षा अर्धं यंत्र पडतं, तेही तेच नाव छापून. माझ्या मते ही सरळसरळ फसवणूक आहे, मग कायदा तिला काहीही म्हणो.

चार एमबी म्हणजे आज मोबाइलनं काढलेला एक फोटो. तेवढ्या जागेत लिनक्सचा गाभा, फायरवॉल, वायफाय आणि सेटिंगचं पान हे सगळं बसवायचं. ओपनडब्ल्यूआरटीच्या मंडळींनी ते वर्षानुवर्षं बसवून दाखवलं. शेवटी त्यांनाही हात टेकावे लागले. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमच्या राउटरसाठी १९.०७ ही शेवटची मालिका ठरली आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये तीही संपली. २१.०२ पासून किमान ८ आणि ६४ लागतात. म्हणजे ज्यांनी ८४१एन वर हौसेनं ओपनडब्ल्यूआरटी चढवलं, त्यांच्यातल्या बहुतेकांच्या डब्याला २०२२ नंतर एकही अधिकृत दुरुस्ती मिळालेली नाही. 'ओपन' हा शब्द नावात आहे म्हणून भोकं आपोआप बुजत नाहीत.

"पण माझ्या घरच्या राउटरमध्ये कुणाला काय मिळणार?" हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की त्याचं उत्तर जरा सविस्तर देतो. चोराला तुमचे फोटो नको असतात. त्याला तुमचा पत्ता हवा असतो. २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या एफबीआयनं इशारा दिला की कंपन्यांनी सोडून दिलेले जुने राउटर पकडून त्यांच्या आडून इतरांना इंटरनेट वापरू देण्याचा, म्हणजे प्रॉक्सीचा, धंदा चालू आहे. यादीत लिंक्सिसचे ई१२००, ई२५००, ई४२००, डब्ल्यूआरटी३१०एन असे एके काळचे नावाजलेले डबे होते. त्याच सुमारास 'एनीप्रॉक्सी' आणि '५सॉक्स' या दोन सेवा बंद पाडून तीन रशियन आणि एका कझाक नागरिकावर आरोप ठेवले गेले. आरोपपत्रानुसार लोकांच्या घरातले राउटर भाड्यानं देऊन या मंडळींनी ४ कोटी ६० लाख डॉलरहून अधिक कमावले. महिन्याचं भाडं साधारण १० ते ११० डॉलर. भाडं त्यांच्या खिशात जातं आणि गुन्हा मात्र दिसतो तुमच्या घरच्या आयपी पत्त्यावरून. पोलिस आधी दार कुणाचं वाजवतील, हे वेगळं सांगायला नको.

आणि ८४१एन? २०२५ च्याच जूनमध्ये अमेरिकेची सायबर सुरक्षा संस्था सीसानं त्याच्या आठव्या आणि दहाव्या आवृत्तीतलं एक भोक 'प्रत्यक्ष वापरल्या जात असलेल्या' भोकांच्या यादीत घातलं. ते कंपनीच्या मूळ फर्मवेअरमधलं. ते काढून २०१८ चं ओपनडब्ल्यूआरटी टाकलेला माणूस त्या भोकातून सुटला असेल, पण इतर किती भोकांसकट तो बसला आहे याचा त्यानं कधी विचार केलाय? २०२१ च्या जानेवारीत डीएनएसमास्क या छोट्या प्रोग्रामात एकदम सात चुका सापडल्या. घरगुती राउटरमध्ये तुम्ही टाइप केलेल्या नावाचा पत्ता शोधून देण्याचं काम बहुधा हाच करतो, ओपनडब्ल्यूआरटीतही हाच आहे. दुरुस्ती लगेच आली. ज्यांनी ती घेतली नाही त्यांच्या दारी ती चालत जाणार नव्हती.

दुरुस्ती येते आणि झपाट्यानं येते, हेच तर या फर्मवेअरचं खरं बळ. २०१७ च्या १६ ऑक्टोबरला वायफायच्या डब्ल्यूपीए२ सुरक्षेतली 'क्रॅक' नावाची त्रुटी जाहीर झाली. तेव्हा ओपनडब्ल्यूआरटीची मंडळी दोन गटांत फुटलेली होती. तरीही लेडे या गटानं १८ ऑक्टोबरला सुधारलेली आवृत्ती बाहेर काढली. दोन दिवस! पगारी कंपन्यांचे कितीतरी राउटर ती दुरुस्ती न पाहताच भंगारात गेले. फुकट काम करणारी माणसं रात्र जागवून ती फाइल तयार करतात आणि आपण ती उतरवून घेण्याचीही तसदी घेत नाही, याचा मला खरोखर राग येतो.

असो. कामाचं बोलू.

राउटर उलटा करा. खालच्या लेबलावर मॉडेलच्या नावाशेजारी बारीक अक्षरांत आवृत्तीचा आकडा असतो, तो भिंग घेऊन वाचा. नुसतं 'आर्चर सी७' पुरत नाही. वी२ आहे की वी५, हे कळायलाच हवं. चुकीच्या आवृत्तीची फाइल घातली की राउटरची वीट होते, म्हणजे तो निकामी होतो. फाइल दोन प्रकारची असते. 'फॅक्टरी' ही कंपनीच्या फर्मवेअरवरून पहिल्यांदा येणाऱ्यासाठी, 'सिसअपग्रेड' ही आधीच ओपनडब्ल्यूआरटी असलेल्यासाठी. आपल्याला दुसरी हवी. उतरवलेल्या फाइलचा शा-२५६ बेरीजआकडा मूळ पानावरच्या आकड्याशी जुळवून पाहा. याला दोन मिनिटं लागतात आणि नेमकी तीच लोक वाचवतात.

सेटिंगचा बॅकअप काढून लॅपटॉपवर ठेवा. इंटरनेटच्या जोडणीचं नाव आणि पासवर्ड, म्हणजे पीपीपीओईवाल्या दोन ओळी, कागदावरही उतरवा. नेट गेल्यावर त्या कुठे शोधणार? केबलवाल्याचा फोन रविवारी लागत नाही. लॅपटॉप लॅन केबलनं राउटरला जोडा, वायफायवरून हे काम करू नका. राउटरचा प्लग इन्व्हर्टरच्या सॉकेटला लावा. वीज कधी जाते याचा भरवसा ज्या गावांत नाही, तिथे हे न करता फ्लॅश करणं म्हणजे शुद्ध अविचार आहे.

मग बटण दाबा आणि हात मांडीवर ठेवा. स्क्रीनवरचं पान गोठतं. राउटरचे सगळे दिवे एकदम विझतात. एक दिवा भराभर लुकलुकू लागतो, थांबतो, पुन्हा सावकाश लुकलुकतो. नेमक्या याच वेळी माणसाला वाटतं की अडकलं, आणि त्याचा हात प्लगकडे जातो. पण फ्लॅशवर लिहिणं याच वेळी चालू असतं. तीन-चार मिनिटं, पाच मिनिटं, काय लागतील ती लागू द्या. सेटिंग न ठेवता नवं बसवलं असेल तर आणखी एक धक्का बसतो: वायफाय दिसतच नाही. ओपनडब्ल्यूआरटी कोऱ्या अवस्थेत बहुतेक राउटरवर वायफाय बंद ठेवतं आणि रूटचा पासवर्डही रिकामा असतो. केबल लावून १९२.१६८.१.१ हा पत्ता उघडा, आधी पासवर्ड घाला, मग वायफाय चालू करा.

सेटिंग ठेवावीत की पुसावीत, यावर लोक वाद घालतात. छोट्या उडीला ठेवावीत. १९.०७ वरून थेट आजच्या आवृत्तीवर येणाऱ्यांनी मात्र पुसावीत, हे माझं ठाम मत. त्या दरम्यान आतली बरीच रचना बदलली. आथेरॉस चिपच्या राउटरांचा जुना एआर७१एक्सएक्स पाया जाऊन एटीएच७९ आला, पुष्कळ राउटरांवर लॅन पोर्ट मांडायची पद्धत बदलली. जुनी सेटिंग नव्या घरात नीट बसत नाहीत आणि मग आठवडाभर कुठलं तरी पोर्ट मुकं राहतं. सगळं पुन्हा हातानं भरायला एक संध्याकाळ जाईल, ती जाऊ द्या.

आणि एक सवय आजच मोडा. सगळी पॅकेजं एका दमात अपग्रेड करण्याची आज्ञा देऊ नका. मूळ फर्मवेअर फ्लॅशच्या ज्या भागात आहे तो फक्त वाचता येतो. वरून अपग्रेड केलेलं प्रत्येक पॅकेज उरलेल्या जागेत दुसऱ्यांदा बसतं. जुन्या राउटरवर ती जागा बघता बघता भरते आणि मग तो धड चालू होत नाही. पूर्ण नवी फाइल चढवणं हाच सरळ मार्ग. तुमची जादा पॅकेजं त्यात घालून फाइल बांधून देणारी सोयही आता आहे. त्या सोयीतही २०२४ च्या डिसेंबरात गंभीर भोक सापडलं होतं. एका जपानी सुरक्षा संशोधकानं ते कळवलं, सेवा तात्पुरती बंद केली गेली, काही तासांत दुरुस्ती झाली आणि झालेली चूक सगळ्यांना उघड सांगितली गेली. मला अशा वागण्यावर भरवसा ठेवावासा वाटतो.

राउटर अडकलाच तर रडारड नको. बरेच टीपी-लिंक राउटर फर्मवेअर मोडलं तरी आतल्या छोट्या बूटलोडरवर जिवंत असतात. लॅपटॉपला १९२.१६८.०.६६ हा पत्ता द्यायचा, टीएफटीपी सर्व्हर चालू करायचा, फाइलला त्या मॉडेलसाठी ठरलेलं नाव द्यायचं आणि रीसेटचं बटण दाबून धरून राउटर चालू करायचा. तो स्वतःहून फाइल मागून घेतो. हा पत्ता आणि ते नाव मॉडेलनुसार बदलतं, म्हणून फ्लॅश करायच्या आधीच आपल्या मॉडेलचं पान वाचून ठेवा. घरातलं नेट त्याच राउटरवर आहे, नंतर वाचणार कशावर?

सगळेच जुने राउटर वाचवावेत असंही माझं म्हणणं नाही. आर्चर सी७ वी२ सारखा दहा वर्षांहून जुना डबा १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅमच्या बळावर २०२५ च्या फेब्रुवारीत आलेली २४.१० आवृत्ती पेलतो. तो अवश्य ठेवा. मात्र कंपनीच्या फर्मवेअरमध्ये हार्डवेअरची जी खास मदत असते ती इथे मिळत नाही, त्यामुळे गिगाबिटची योजना घेतली असेल तर त्याचा प्रोसेसर धापा टाकेल. ब्रॉडकॉमच्या वायफाय चिपवाले राउटर बंदिस्त ड्रायव्हरमुळे ओपनडब्ल्यूआरटीवर रडतखडत चालतात; तिथे मॉडेल बसत असेल तर फ्रेशटोमॅटो बरं. आणि ४ एमबीवाले डबे दारातून काढाच. ई-कचऱ्यात द्या. तेही करवत नसेल तर आत-बाहेर इंटरनेटशी संबंध नसलेलं काही किरकोळ काम त्यांना द्या, पण घराच्या वेशीवर उभे करू नका.

हे सगळं करूनही फायबरच्या बहुतेक ग्राहकांची मोठी अडचण उरतेच. सेवा देणारा स्वतःचाच डबा भिंतीवर ठोकून जातो, त्याचा ॲडमिन पासवर्ड देत नाही, त्याचं फर्मवेअर बदलू देत नाही आणि त्यातलं फर्मवेअर कधीचं आहे हेही सांगत नाही. अशा ठिकाणी ब्रिज मोड, म्हणजे त्यांचा डबा नुसता वाहक म्हणून ठेवायची सोय, मागून घ्या आणि मागे आपला राउटर लावा. देत नाही म्हणाले तर लेखी मागा. पैसे तुम्ही भरता.

कंपन्यांकडून मागायच्या गोष्टी तर आणखी साध्या आहेत. आपल्याकडे राउटरच्या खोक्यावर कमाल किंमत असते, महिना-वर्ष असतं, तक्रारीचा फोन नंबर असतो. सुरक्षा दुरुस्त्या कुठल्या तारखेपर्यंत मिळतील हे मात्र मी अजून एकाही खोक्यावर वाचलेलं नाही. ब्रिटननं २९ एप्रिल २०२४ पासून ही मुदत जाहीर करणं सक्तीचं केलं. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स कायदा ११ डिसेंबर २०२७ पासून पूर्ण लागू होईल आणि बहुतेक वस्तूंना किमान पाच वर्षं आधार द्यायला लावेल. त्याच कंपन्या, तेच कारखाने, तीच मॉडेलं. तिथल्या गिऱ्हाइकाला तारीख सांगता येते तर इथल्याला का नाही? अमेरिकेत २०१६ मध्ये टीपी-लिंकनं वायफायच्या शक्तीची मर्यादा मोडल्याबद्दल तिथल्या दूरसंचार आयोगाकडे २ लाख डॉलर भरले आणि त्याच समझोत्यात बाहेरच्या फर्मवेअरला वाट ठेवण्याची पावलं उचलायचं कबूल केलं. म्हणजे सरकारनं मनावर घेतलं तर हे होतं. आपल्याकडे एवढीच मागणी आहे: खोक्यावर तारीख छापा, आणि त्या तारखेनंतर बूटलोडरचं कुलूप उघडून द्या.

आता राहिला घरातला प्रश्न.

"अरे, नेट बंद पडलंय रे. तू तो डबा कसला तरी करून गेलास, आता केबलवाला हात लावायला तयार नाही. म्हणतो, हे आमचं नाही."

"मावशी, तू फक्त प्लग काढून परत लाव."

"दहा वेळा लावून झालं."

असे फोन मी ओळखीच्या घरांत ऐकले आहेत. भाचा हौशी असतो. सुट्टीत येतो, मावशीच्या राउटरवर जाहिराती अडवणारं, वेग सावरणारं उत्तम फर्मवेअर बसवतो आणि नोकरीला बंगळुरूला निघून जातो. घरात दुसऱ्या कुणाला त्यातलं काही कळत नाही, आणि ते कळावं अशी अपेक्षा धरणंही चूक आहे. साठीतल्या बाईनं बेरीजआकडे का जुळवावेत?

भाच्यांनो, दर दिवाळीला घरी जाऊन अपडेट करणार असाल, तर राउटरच्या पाठीवर एक चिठ्ठी चिकटवा: मॉडेल आणि त्याची आवृत्ती, फर्मवेअरचा आकडा, शेवटच्या अपडेटची तारीख, उघडायचा पत्ता, बॅकअप कुठे आहे, कुणाला फोन करायचा. केबलवाल्यालाही ती दाखवता येईल. पण गेल्या दोन दिवाळ्या तुमचं जाणं झालं नसेल, तर मावशीला स्वतःहून अपडेट घेणारा, मुदत जाहीर केलेला नवा राउटर घेऊन द्या आणि जुना तुमच्या बंगळुरूच्या खोलीवर न्या. तिथे त्याच्याकडे बघायला तुम्ही आहात.